मृत्युकिरणांचा शोध आणि बोध : लेसर-अस्त्रांच्या इतिहासाचा एक मागोवा

आपल्या वाचनालयाच्या शताब्दी-ग्रंथासाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा विषय कोणता घ्यावा, या विचारात काही दिवस गेले. संस्थेची वाटचाल, इंदूरच्या मराठी समाजाचा वाङ्मयव्यवहार, होळकरकालीन विद्याव्यासंग या विषयांवर अधिकारी व्यक्ती लिहिणारच आहेत. मी मराठीचा अध्यापक. भौतिकशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरीही लेसर-अस्त्रांचा इतिहास हा वरकरणी दूरचा वाटणारा विषय मी निवडला, त्याचे कारण याच वाचनालयातील एका लाकडी बाकाशी निगडित आहे.

१९८३ सालचा मार्च महिना. वय वर्षे तेरा. आजोबांचे बोट सुटले होते, पण त्यांच्याबरोबर सायंकाळी वाचनालयात येण्याची सवय सुटली नव्हती. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे तेव्हा येथे एक दिवस उशिरा येत. त्या शिळ्या पण करकरीत पानांवर एके दिवशी बातमी होती : अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी २३ मार्चच्या भाषणात अशी घोषणा केली होती की, शत्रूची अण्वस्त्रे वाटेतच नष्ट करून ती निरुपयोगी ठरवणारी संरक्षणव्यवस्था शास्त्रज्ञांनी निर्माण करावी. पुढील काही दिवसांत ‘तारकायुद्ध’ हा शब्द रूढ झाला आणि अंतराळातून सुटणाऱ्या लेसरकिरणांची चित्रे छापून येऊ लागली. मी धावत जाऊन ग्रंथपालांना विचारले, ‘‘काका, आता युद्ध प्रकाशानेच होणार का?’’ त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘बातमी वहीत उतरवून घे, खाली तारीख घाल आणि दहा वर्षांनी पुन्हा वाच.’’

त्या वहीतील पहिल्या नोंदीपासून हा नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. या अवधीत एक गोष्ट ध्यानात आली. लेसर-अस्त्रांचा इतिहास हा एक नसून दोन इतिहास आहेत. एक, त्या किरणाचा; दुसरा, त्या किरणाविषयी केल्या गेलेल्या बोलण्याचा. पहिला संथ, हिशेबी आणि पुष्कळदा अपयशाचा आहे. दुसरा वेगवान, भव्य आणि नेहमीच यशस्वी आहे. या दोहोंत जे अंतर पडले, त्याची किंमत अब्जावधी डॉलर्समध्ये मोजली गेली आणि काही प्रामाणिक माणसांनी ती आपल्या पदाने मोजली.

किरणापूर्वीची कल्पना

प्रकाशाने शत्रूस जाळण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिरॅक्यूज नगरीस रोमनांनी वेढा घातला असता आर्किमिडीजने आरशांनी सूर्यकिरण एकवटून त्यांची जहाजे जाळली, अशी आख्यायिका आहे. पण ती त्या वेढ्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेल्या ग्रंथांत आढळते, समकालीनांच्या जवळच्या वृत्तान्तांत आढळत नाही. आपल्याकडे आग्नेयास्त्राचे वर्णन आहे, तेव्हा लेसर आपल्या पूर्वजांस ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह अनेकांस होतो. कविकल्पनेस विज्ञानाचा दाखला जोडला म्हणजे काव्याचाही गौरव होत नाही आणि विज्ञानाचाही. कल्पना अगोदर येते, साधन नंतर येते, एवढेच यातून सिद्ध होते.

आधुनिक काळात एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या १८९८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मंगळवासी उष्णतेचा अदृश्य झोत वापरतात. १९२४ साली हॅरी ग्रिंडेल मॅथ्यूज या इंग्रज संशोधकाने आपण मृत्युकिरण शोधल्याचा दावा करून वृत्तपत्रांत खळबळ उडवून दिली. ब्रिटिश सरकारची खात्री पटेल असा प्रयोग मात्र त्यास करून दाखविता आला नाही. असे दावेदार इतके झाले की, शंभर यार्डांवरून मेंढी मारून दाखवील त्यास एक हजार पौंडांचे बक्षीस ब्रिटिश हवाई खात्याने ठेवले होते. ते कोणासच मिळाले नाही.

तथापि या फोल शोधातून एक बहुमोल फळ हाती आले. १९३५ च्या प्रारंभी हवाई खात्याने रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारले, की रेडिओलहरींनी विमान पाडणे शक्य आहे काय? त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी गणित मांडून दाखविले, की ते अशक्य आहे. पण विमानावरून परतणाऱ्या लहरींनी त्याचा ठावठिकाणा लावणे शक्य आहे. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळ त्याची चाचणी झाली आणि ब्रिटनच्या रडारचा पाया घातला गेला. ‘हे होणार नाही’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या एका गणिताने पाच वर्षांनी ब्रिटनचे आकाश राखले. पुढील सर्व इतिहास वाचताना हा प्रसंग मनात ठेवावा.

शोधाची जन्मकथा

लेसरचे तात्त्विक बीज अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या निबंधात आहे. ऊर्जित अवस्थेतील अणूवर योग्य प्रकाशकण येऊन पडला, तर तो अणू तसाच दुसरा प्रकाशकण बाहेर टाकतो. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. यालाच उद्दीपित उत्सर्जन म्हणतात. हे तत्त्व सूक्ष्मलहरींच्या बाबतीत वापरून चार्ल्स टाउन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली कोलंबिया विद्यापीठात ‘मेसर’ सिद्ध केला. त्याच सुमारास मॉस्कोच्या लेबेदेव संस्थेत निकोलाय बासोव्ह आणि अलेक्झांडर प्रोखोरोव्ह याच दिशेने पोहोचले होते. १९६४ चे नोबेल पारितोषिक या तिघांस विभागून मिळाले. शीतयुद्धातील दोन प्रतिस्पर्धी राष्ट्रांना या विद्येचे बीज जवळजवळ एकाच वेळी मिळाले, ही गोष्ट पुढील स्पर्धेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दृश्य प्रकाशासाठी हेच तत्त्व कसे वापरावे, याचे टिपण गॉर्डन गूल्ड या कोलंबियातील विद्यार्थ्याने १९५७ च्या नोव्हेंबरात आपल्या वहीत केले, ‘लेसर’ हा शब्द लिहिला आणि ती वही नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पुढे गूल्ड ज्या खासगी कंपनीत काम करीत होते, तिने अमेरिकी संरक्षण खात्याच्या प्रगत संशोधन संस्थेकडे तीन लाख डॉलर्सची मागणी केली. १९५९ साली मंजुरी आली ती नऊ लाख नव्व्याण्णव हजार डॉलर्सची. मागितल्यापेक्षा तिप्पट देणारे सरकार विरळा. त्यावरून सैन्याची उत्कंठा किती होती, हे कळते. पण काम गोपनीय ठरले आणि तरुणपणी मार्क्सवादी अभ्यासवर्गास जात असल्यामुळे गूल्ड यांना गोपनीयतेचा परवाना नाकारण्यात आला. ज्याच्या कल्पनेवर प्रकल्प उभा राहिला, त्यालाच प्रकल्पात मज्जाव झाला.

शर्यत जिंकली ती थिओडोर मैमन यांनी. कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथील ह्यूज कंपनीच्या प्रयोगशाळेत १६ मे १९६० रोजी त्यांनी कृत्रिम माणकाच्या छोट्या कांडीतून पहिला लेसरप्रकाश मिळविला. कांडीभोवती छायाचित्रणासाठी वापरतात तसा झगमगणारा वेटोळ्याचा दिवा होता. सारे उपकरण हाताच्या मुठीत मावेल एवढेच. ७ जुलै रोजी न्यूयॉर्क येथे वार्ताहर परिषद झाली. याचे शस्त्र होईल काय, हा प्रश्न आला. आणि ‘कधीच होणार नाही’ असे कोणताही शास्त्रज्ञ छातीठोकपणे सांगू शकत नसल्यामुळे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत ‘मृत्युकिरण’ अवतरला. किरण आणि किरणाविषयीचे बोलणे यांची फारकत अशी जन्माच्या वेळीच झाली.

प्रत्यक्षात माणकाचा लेसर क्षणभर चमकून थंडावत असे आणि शक्ती वाढवू जावे तर कांडी उष्णतेने तडकत असे. त्या काळी प्रयोगशाळांतून लेसरची ताकद विनोदाने ‘जिलेट’ या एककात मोजीत, म्हणजे दाढीची किती पाती किरणाने भेदली, त्यावरून! शस्त्र म्हणून दाढीच्या पात्यापलीकडे जावयाचे तर निराळे माध्यम हवे होते.

बारामतीचा विद्यार्थी

ते माध्यम ज्यांनी दिले, त्यांचा आपल्या मुलखाशी निकटचा संबंध आहे. चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामती येथे झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तेथे १९६४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. आपल्या उच्छ्वासातून बाहेर पडणारा हा सामान्य वायू. नायट्रोजनचे रेणू विजेने ऊर्जित करावेत, त्यांनी ती ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंच्या हवाली करावी आणि त्यांनी ती अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकावी, अशी ही युक्ती. किरण डोळ्यांस दिसत नाही, पण पोलादाचा पत्रा कापतो. आज कारखान्यांतील कापकामापासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत तो सर्वत्र आहे.

वायू तडकत नाही आणि वाहता ठेवला तर उष्णता बरोबर घेऊन जातो. हे ध्यानात येताच सैनिकी संशोधकांच्या आशा पल्लवित झाल्या. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ॲव्हको एव्हरेट प्रयोगशाळेत ‘वायुगतिक लेसर’ तयार झाला. त्यात तप्त वायुमिश्रण बारीक तोट्यांतून स्वनातीत वेगाने सोडून एकदम थंड करीत. हे यंत्र म्हणजे एका परीने प्रकाश ओकणारे रॉकेट-इंजिनच. १९७३ च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोतील कर्टलंड तळाच्या परिसरात अमेरिकी वायुदलाने अशा लेसरने एक चालकरहित विमान पाडले. १९७६ साली भूदलाने विद्युत-लेसरने चालकरहित लक्ष्ये पाडली आणि १९७८ साली नौदलाने रासायनिक लेसरने उडते रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र पाडून दाखविले. १९८३ साली एका बोइंग विमानात बसविलेल्या उडत्या लेसर-प्रयोगशाळेने हवेतल्या हवेत पाच साइडवाइंडर क्षेपणास्त्रे निकामी केली.

येथे वाचक विचारील, मग शस्त्र सैन्याच्या हाती का आले नाही? उत्तर तीन साध्या गोष्टींत आहे. पहिली, प्रकाश कितीही सरळ गेला तरी थोडा पसरतोच. हा पसरटपणा आरशाच्या आकारावर आणि तरंगलांबीवर अवलंबून असतो. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या जवळजवळ वीस पट. त्यामुळे दूरच्या लक्ष्यावर टोकदार बिंदू न पडता विरळ कवडसा पडतो. दुसरी, प्रखर किरण ज्या हवेतून जातो ती हवाच तापते आणि तापलेली हवा भिंगासारखी वागून किरणास फाकवते. तिसरी, लेसर गोळीसारखा आघात करीत नाही. त्यास लक्ष्याच्या एकाच ठिकाणी काही क्षण टिकून राहून ते तापवावे लागते. शिवाय धुके, पाऊस आणि धूळ यांपुढे तो हतबल असतो. उडत्या प्रयोगशाळेचे यंत्र एवढे अवजड होते, की जवळजवळ सारे विमान त्यानेच व्यापले. ते विमान अखेर डेटन येथील वायुदलाच्या संग्रहालयात गेले.

तारकायुद्ध आणि गणिताचा निकाल

हे सारे ठाऊक असताना १९८३ ची घोषणा झाली. हजारो किलोमीटर अंतरावरून, अंतराळातून, उठत्या क्षेपणास्त्रांवर लेसर सोडावयाचा, ही त्यातील एक कल्पना. दुसरी त्याहून अद्भुत होती : लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘एक्सकॅलिबर’ प्रकल्प. लहानसा अणुबॉम्ब फोडून त्याच्या ऊर्जेने भोवतालच्या कांड्यांतून क्ष-किरणांचे लेसर सोडावयाचे. कांड्या क्षणार्धात नष्ट होणार, पण तत्पूर्वी आपले काम करून जाणार. एडवर्ड टेलर यांच्यासारखा मातब्बर शास्त्रज्ञ या कल्पनेचा पुरस्कर्ता होता आणि नेवाडाच्या वाळवंटात भूमिगत अणुस्फोटांच्या वेळी तिचे प्रयोग चालू होते. टेलर यांनी वॉशिंग्टनला पाठविलेल्या पत्रांतून या संशोधनाची प्रगती प्रत्यक्षाहून फार पुढची दिसत होती. त्याच प्रयोगशाळेतील वरिष्ठ अधिकारी रॉय वूड्रफ यांनी दुरुस्तीचे पत्र लिहिले. ते पाठवू देण्यात आले नाही. १९८५ साली वूड्रफ यांनी आपले पद सोडले. एक्सकॅलिबर कधीच शस्त्र झाले नाही. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी तो अध्याय संपला.

याच काळात अमेरिकन फिजिकल सोसायटीने अशा किरणशस्त्रांची शास्त्रीय छाननी करण्यासाठी तज्ज्ञांचा एक अभ्यासगट नेमला. त्याचे दोन सहअध्यक्ष होते : एक, हार्वर्डचे नोबेलविजेते निकोलास ब्लूमबर्गेन, आणि दुसरे, बेल प्रयोगशाळेचे चंद्र कुमार पटेल. अभ्यासगटास गोपनीय माहिती पाहण्याची मुभा होती. त्यांचा अहवाल सरकारी तपासणीत काही महिने अडकून १९८७ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष संयत भाषेत होता, पण निःसंदिग्ध होता : अशी व्यवस्था कार्यक्षम ठरेल की नाही, याचा माहितीपूर्ण निर्णय घेता येण्यासाठीच किमान एक दशक किंवा त्याहून अधिक काळ सखोल संशोधन करावे लागेल. शस्त्र बनविण्यास दशक नव्हे, ‘बनेल काय’ हे ठरविण्यास दशक! रासायनिक लेसरची शक्ती तर किमान शंभर पटींनी वाढवावी लागेल, असे त्यांनी दाखवून दिले.

या घटनेकडे मी वारंवार परततो. ज्या मनुष्याच्या शोधावर उच्चशक्तीच्या लेसरची पहिली इमारत उभी राहिली, त्यानेच तिच्या मर्यादांचे मोजमाप करून ते जगापुढे ठेवले. आपल्या अपत्याची अवास्तव स्तुती ऐकून सुखावणे सोपे असते. ‘याला एवढे जमणार नाही’ असे भर सभेत सांगणे कठीण असते. १९३५ साली विल्किन्स यांनी जे केले, तेच १९८७ साली या अभ्यासगटाने केले. मला हा अहवाल एखाद्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

पलीकडच्या गोटात

सोव्हिएत संघही स्वस्थ बसला नव्हता. कझाकस्तानातील बल्खाश सरोवराजवळच्या सारी शगान येथे १९६० च्या दशकापासून ‘टेरा-३’ हा लेसर-प्रकल्प चालू होता. पेंटागॉनने प्रसिद्ध केलेल्या सचित्र पुस्तिकांत तेथील घुमटातून आकाशात झेपावणारा किरण रंगविलेला असे आणि त्या चित्रांच्या आधारे अमेरिकी काँग्रेसकडे निधी मागितला जाई. १९८९ च्या जुलैमध्ये, गोर्बाचेव्ह यांच्या खुल्या धोरणाच्या काळात, अमेरिकी शास्त्रज्ञ व लोकप्रतिनिधी यांच्या एका पथकास ते स्थळ प्रत्यक्ष पाहू देण्यात आले. तेथे आढळलेले लेसर इतके अल्पशक्तीचे होते, की त्यांनी उपग्रह जाळणे दूरच राहिले. दोन्ही राष्ट्रे एकमेकांच्या चित्रांना भिऊन स्वतःच्या प्रयोगशाळा वाढवीत होती.

याचा अर्थ सोव्हिएत प्रयत्न केवळ देखावा होता, असा नव्हे. १५ मे १९८७ रोजी ‘एनर्जिया’ या महाकाय रॉकेटाच्या पहिल्याच उड्डाणात ‘पोल्युस’ हे सुमारे ऐंशी टनांचे यान अवकाशात धाडण्यात आले. लेसरधारी अंतराळस्थानकाचा तो नमुना होता, त्यात प्रत्यक्ष शस्त्र नव्हते. रॉकेट नीट चालले. यान मात्र उलट्या दिशेस वळल्यामुळे कक्षेत न जाता पॅसिफिक महासागरात कोसळले. काही वर्षांत ते राष्ट्रच उरले नाही.

अस्त्र नव्हे, अस्त्राचा नेत्र

येथवरचे वाचून लेसर युद्धात निरुपयोगी ठरला, असा समज होईल. तो चुकीचा आहे. जाळणारा किरण अडखळत असता दाखविणाऱ्या किरणाने युद्धाचे स्वरूप पालटून टाकले. उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआचा पूल १९६५ पासून अमेरिकेच्या शेकडो हल्ल्यांना पुरून उरला होता. त्यापायी अनेक विमाने व वैमानिक बळी पडले. १३ मे १९७२ रोजी लेसरने दाखविलेल्या ठिपक्याचा माग काढीत जाणाऱ्या बॉम्बनी तो मोडला. आपल्या देशानेही हे पाहिले आहे. २४ जून १९९९ रोजी कारगिल युद्धात टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर भारतीय वायुदलाने असेच लेसर-दिग्दर्शित बॉम्ब टाकले. ते टाकणाऱ्या मिराज विमानांचा मूळ तळ आपल्या ग्वाल्हेरचा. येथे लेसरची शक्ती नगण्य असते. काम अचूकतेचे असते.

याहून एक काळी बाजूही होती. जाळण्यास दुबळा असलेला किरण डोळा आंधळा करण्यास मात्र पुरेसा असतो. १९६१ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लेसरने मनुष्याच्या नेत्रपटलावरील गाठ नष्ट करण्यात आली. हा लेसरचा रुग्णावरील पहिला उपयोग. ज्या अवयवास बरे करून लेसर मानवाच्या उपयोगी पडू लागला, त्याच अवयवास कायमचा नष्ट करणारी शस्त्रे १९९० च्या दशकात तयार झाली. १९९५ साली एका चिनी कंपनीने असे उपकरण शस्त्रप्रदर्शनात विक्रीस मांडले होते. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने आणि स्वीडनसारख्या राष्ट्रांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि १३ ऑक्टोबर १९९५ रोजी व्हिएन्ना येथे कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनविलेल्या लेसर-शस्त्रांवर बंदी घालणारा मसुदा संमत झाला. ३० जुलै १९९८ पासून तो अमलात आला आणि १९९९ साली भारतानेही तो स्वीकारला. रणांगणावर सर्रास वापर होण्यापूर्वीच एखाद्या शस्त्रास मानवजातीने नकार द्यावा, असे इतिहासात फार क्वचित घडले आहे. या साऱ्या कथेतील निःसंशय विजय कोणता, असे विचारल्यास मी याच तहाकडे बोट दाखवीन.

विमान, जहाज आणि ड्रोन

मोठ्या स्वप्नाचा शेवटचा प्रयोग झाला तो बोइंग ७४७ विमानावर. १९९६ साली कंत्राट दिले गेले. विमानाच्या नाकाशी फिरता आरसा आणि पोटात ऑक्सिजन व आयोडीन यांच्या अभिक्रियेवर चालणारा रासायनिक लेसर, अशी रचना होती. ११ फेब्रुवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत या विमानाने उठते क्षेपणास्त्र खरोखर नष्ट केले. सत्तावीस वर्षांपूर्वीची माझ्या वहीतील नोंद त्या दिवशी क्षणभर खरी झाली. पण शत्रूच्या क्षेपणास्त्रतळाजवळ, म्हणजे त्याच्याच आकाशात, हे अवजड विमान घिरट्या घालीत ठेवावे लागले असते. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हा व्यवहार युद्धात टिकणारा नाही, असे स्पष्ट सांगितले. पाच अब्जांहून अधिक डॉलर्स खर्चून २०११ च्या अखेरीस प्रकल्प बंद झाला आणि २०१४ साली ते विमान भंगारात निघाले. अमेरिका-इस्राएल यांच्या संयुक्त रासायनिक लेसरचीही तीच गत झाली. २००० साली त्याने उडते कात्युशा रॉकेट पाडले, पण विषारी रसायनांचा तो अवाढव्य संच रणभूमीवर न्यावा कसा, या प्रश्नापाशी २००५ च्या सुमारास काम थांबले.

मग पुनरुज्जीवन झाले ते अनपेक्षित दिशेने. कारखान्यांत धातू सांधण्यासाठी काचतंतूंचे लेसर वापरात आले होते. त्यांना विषारी इंधन लागत नाही, केवळ वीज लागते. आणि त्यांची तरंगलांबी पटेल यांच्या लेसरच्या सुमारे एक दशांश असल्यामुळे किरण तितकाच कमी पसरतो. २०१४ साली अमेरिकी नौदलाने ‘पॉन्स’ या जहाजावर असे सहा औद्योगिक लेसर एकत्र जोडून सुमारे तीस किलोवॅटचे शस्त्र इराणच्या आखातात तैनात केले. उद्दिष्टही बदलले होते. आता आंतरखंडीय क्षेपणास्त्र नव्हे, तर स्वस्त ड्रोन आणि लहान नौका. काही हजारांच्या ड्रोनवर लाखोंचे क्षेपणास्त्र डागणे कोणत्याही खजिन्यास परवडणारे नाही; उलट लेसरच्या एका माऱ्यास लागणाऱ्या विजेचा खर्च नाममात्र. १६ मे २०२० रोजी ‘पोर्टलंड’ या जहाजावरील अधिक शक्तिशाली लेसरने एक ड्रोन निकामी केले. मैमन यांचा माणूक चमकला, त्यास त्या दिवशी बरोबर साठ वर्षे झाली होती.

त्यानंतर २०२४ मध्ये ब्रिटनने आपल्या ‘ड्रॅगनफायर’ लेसरची हवाई लक्ष्यांवर चाचणी जाहीर केली. इस्राएलने २०२५ मध्ये लेसरने शत्रूचे ड्रोन प्रत्यक्ष युद्धात पाडल्याचे सांगितले. आपल्या देशात संरक्षण संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील उच्चऊर्जा केंद्राने विकसित केलेल्या तीस किलोवॅटच्या लेसरने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूलजवळच्या चाचणीक्षेत्रात ड्रोन पाडले. ही गोष्ट अभिमानाची आहे, आणि तिचे मोल नेमके जाणणे हाही त्या अभिमानाचाच भाग आहे. पावसाळी ढगांपुढे किरण आजही थांबतो.

आपल्या इंदूरलाही लेसरविद्येची एक परंपरा आहे. १९८४ साली येथे पायाभरणी झालेले प्रगत तंत्रज्ञान केंद्र, ज्यास पुढे राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले, डॉ. दि. दे. भवाळकर यांच्या संचालकपदाच्या काळात आकारास आले. तेथील लेसर उद्योगासाठी, वैद्यकासाठी आणि मूलभूत संशोधनासाठी आहेत. बारामतीच्या विद्यार्थ्याने शोधलेला किरण आमच्या शहराच्या वेशीवर शांततेची कामे शिकतो आहे, हे या शताब्दीच्या प्रसंगी नमूद करणे उचित होईल.

गेल्या वर्षी कर्नूलच्या चाचणीनंतर माझ्या वर्गातील एक विद्यार्थी भ्रमणध्वनीवरील बातमी घेऊन आला. ‘‘सर, आता क्षेपणास्त्रांचा काळ संपलाच ना?’’ त्याच्या डोळ्यांत १९८३ चा मीच मला दिसलो. मी त्यास सर्व इतिहास सांगत बसलो नाही. वाचनालयात घेऊन आलो, ग्रंथपालकाका आज नाहीत, पण तो बाक आहे. त्याच्यापुढे एक कोरी वही ठेवली आणि म्हटले, ‘‘बातमी उतरवून घे. किती किलोवॅट, किती अंतर, हवा कशी होती, कोणी सांगितले, हे लिही. ज्याचे उत्तर बातमीत नाही, तेथे रिकामी जागा सोड. खाली तारीख घाल.’’

त्याने लिहिले. रिकाम्या जागा बऱ्याच राहिल्या. त्या भरण्यासाठीच वाचनालये असतात.